पूर्ण बहुमत मिळालेल्या पक्षाची जबाबदारी कोणती? गोव्याच्या अनुभवावरून चर्चा

मांडवीतीर (मूळ लेख)

१० मार्च २०२२ रोजी गोवा विधानसभेचा निकाल लागला, तेव्हा ४० पैकी २० जागा भारतीय जनता पक्षाला, ११ काँग्रेसला, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) आणि आम आदमी पक्षाला प्रत्येकी २, गोवा फॉरवर्ड आणि रिव्होल्युशनरी गोवन्स यांना प्रत्येकी १ अशी वाटणी झाली आणि ३ अपक्ष निवडून आले. मगो आणि अपक्षांच्या पाठिंब्यामुळे सरकारला कसलाच धोका उरला नव्हता. तरीही त्याच वर्षी १४ सप्टेंबर रोजी काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला आणि सभागृहात सरकारच्या बाजूला ३३ व विरोधात ७ असे चित्र उभे राहिले.

‘लोकांनी कौल दिला आहे, आता पाच वर्षे काम करू द्या’ असे सत्ताधारी पक्षाचे कार्यकर्ते म्हणतात आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. परंतु सरकार, सभागृह आणि विरोधकांचेही बहुसंख्य आमदार एकाच पक्षाच्या हाती आले, की त्या पक्षाच्या जबाबदारीचे स्वरूप बदलते. बदल नेमका काय होतो, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. निवडणूक संपली की आपण थेट पुढच्या निवडणुकीच्या उमेदवारीवर बोलू लागतो. म्हणून हा धागा.

माझे म्हणणे असे आहे, की विरोधी पक्ष दुबळा झाला म्हणून विरोधी पक्षाचे काम संपत नाही. विधेयकातले प्रत्येक कलम वाचणे, अनुदान मागण्यांवर खात्याकडे हिशेब मागणे, तारांकित प्रश्नाला मंत्र्याने दिलेले उत्तर तपासून पुरवणी प्रश्न विचारणे, हे काम राज्याच्या गरजेचे आहे. ते करणारी माणसे सात उरली असतील, तर उरलेला भार सत्ताधारी पक्षाच्या मंत्री नसलेल्या आमदारांवर येतो. सगळे आपल्या पंखाखाली घेतल्यावर चौकशीचा भारही आपल्याच खांद्यावर आला, हे त्या पक्षाने ओळखले पाहिजे.

हे का आवश्यक आहे, ते २०२१ च्या एका प्रसंगावरून दिसते. त्या वेळी भाजपकडे २७ आमदार होते. जुलैअखेरीस भरलेल्या तीन दिवसांच्या अधिवेशनात, शेवटच्या दिवशी, ३० जुलै रोजी, गोवा भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक संमत झाले. तीस वर्षे राज्यात राहणाऱ्या माणसाला ‘भूमिपुत्र’ ठरवून त्याच्या २५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला मालकी हक्क देण्याची त्यात तरतूद होती. राहत्या घराची मालकी नसणे हा गोव्यातल्या हजारो कुटुंबांचा खरा प्रश्न आहे, त्यामुळे विषय हाती घेण्यात काहीच गैर नव्हते. परंतु विरोधकांनी सभात्याग केला आणि सत्ताधारी बाकांवरून एकाही आमदाराने उठून विचारले नाही, की गावडा, कुणबी, वेळीप समाज ज्या नावाने स्वतःची ओळख सांगतात ते नाव तीस वर्षांच्या वास्तव्याला कसे लावता येईल, किंवा बेकायदा बांधकामांना या कायद्याचा फायदा मिळणार नाही याची हमी कोठे आहे. सभागृहात न विचारलेले हे प्रश्न काही दिवसांतच रस्त्यावर विचारले गेले. मुख्यमंत्र्यांना ‘भूमिपुत्र’ हा शब्द वगळण्याची आणि विधेयक राज्यपालांकडे न पाठवण्याची घोषणा करावी लागली. सत्तावीस आमदारांपैकी दोघांनी जरी विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवण्याचा आग्रह धरला असता, तरी सरकारची शोभा राहिली असती आणि घरांचा प्रश्नही कदाचित पुढे सरकला असता.

दुसरी गोष्ट सबबींची. आघाडीच्या सरकारला ‘मित्रपक्ष ऐकत नाही’ असे म्हणता येते. पणजीत एका पक्षाचे आणि दिल्लीत दुसऱ्या पक्षाचे सरकार असेल तर ‘केंद्र मदत करत नाही’ असे म्हणता येते. आज गोव्यातल्या सत्ताधारी पक्षाला यांपैकी एकही सबब उपलब्ध नाही. म्हादई नदीच्या पाणीवाटपाचेच पाहा. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये गोव्याला २४ टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकला १३.४२ टीएमसी आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने म्हादईचे पाणी वळवणाऱ्या कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या कर्नाटकच्या सविस्तर अहवालाला मान्यता दिली, तेव्हा केंद्रात, कर्नाटकात आणि गोव्यात एकाच पक्षाची सरकारे होती. अशा वेळी गोव्यातल्या पक्षशाखेने आपल्याच श्रेष्ठींसमोर गोव्याची बाजू किती ठामपणे मांडली, आणि मांडल्यावर काय उत्तर मिळाले, हे जनतेला सांगणे ही त्या पक्षाची जबाबदारी होती. सभागृह समिती नेमली गेली हे खरे, पण समिती नेमणे हे उत्तर नव्हे.

आपल्याकडे याहून मोठ्या मनाचे उदाहरण आहे. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या नेतृत्वाखाली मगोचे सरकार आले. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण हाच त्या पक्षाचा पाया होता. जनमत कौल घ्यायचे ठरले, तेव्हा सत्तेत असलेल्या पक्षाच्या हाती प्रशासन राहिल्यास कौल निःपक्ष होणार नाही असा आक्षेप आला आणि डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी कौल झाला. स्वतंत्र संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. ज्या मागणीसाठी पक्ष जन्माला आला ती ३४,०२१ मतांनी हरली, आणि त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत झालेल्या विधानसभा निवडणुकीत लोकांनी त्याच पक्षाला पुन्हा निवडून दिले. सत्ता हाती असताना तिचा वापर आपल्या बाजूने होऊ नये म्हणून ती खाली ठेवण्याची तयारी त्या पिढीने दाखवली होती. विलीनीकरणाबद्दल कोणाचे मत काहीही असो, हा भाग प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्याने वाचावा असा आहे.

सभासदांनी आपली मते मांडावीत. कोणत्या पक्षाला मत द्यावे हा या धाग्याचा विषय नाही, एवढीच विनंती.

वकिली_पेशा

मूळ लेखातल्या विवेचनाला घटनात्मक बाजू जोडतो, कारण ती समजल्याशिवाय ३३ विरुद्ध ७ हे चित्र कसे तयार झाले ते कळत नाही.

पक्षांतरबंदीची तरतूद १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहाव्या परिशिष्टात आली. त्या वेळी एकतृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’ मानली जाऊन त्यांची आमदारकी वाचत असे, आणि १९९० च्या दशकात गोव्याने या पळवाटेचा किती उपयोग करून घेतला ते आपण सर्वांनी पाहिले आहे. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ही सवलत काढून टाकली. आता दोनतृतीयांश सदस्यांनी आपल्या पक्षाच्या दुसऱ्या पक्षातील विलीनीकरणास संमती दिली तरच संरक्षण मिळते. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १५ आमदार होते आणि १० भाजपमध्ये गेले, म्हणजे बरोबर दोनतृतीयांश. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ होते, त्यांतले ८ गेले. सात गेले असते तर आकडा अपुरा पडला असता. हे आकडे योगायोगाने जुळत नाहीत. २०१९ च्या प्रकरणात उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये या आमदारांना अपात्र न ठरवण्याचा सभापतींचा निर्णय कायम ठेवला, म्हणून या प्रवेशांना बेकायदा म्हणता येणार नाही. परंतु कायद्यात बसणे आणि मतदाराशी प्रामाणिक राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या प्रवेशांची जबाबदारी जाणाऱ्यांइतकीच घेणाऱ्या पक्षाचीही आहे. वीस आमदार आणि पाच जणांचा पाठिंबा असताना आणखी आठ कशासाठी हवे होते, याचे समाधानकारक उत्तर मी आजवर ऐकलेले नाही.

त्याच ९१ व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाच्या आकारावर मर्यादा आणली. सभागृहाच्या १५ टक्के, मात्र छोट्या राज्यांत किमान १२, असा तो नियम असल्याने गोव्यात मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त १२ मंत्री होऊ शकतात. आता ३३ मधून १२ वजा करा, सभापती आणि उपसभापती वगळा. १९ आमदार उरतात. धागाकर्ते ज्या कामाविषयी बोलत आहेत ते करण्यासाठी ही संख्या पुरेशी आहे, विरोधकांच्या दुपटीहून अधिक आहे. अडचण अशी, की या आमदारांना स्वस्थ ठेवण्यासाठी महामंडळांची अध्यक्षपदे वाटण्याची प्रथा सर्वच पक्षांनी रूढ केली. पूर्वी संसदीय सचिवपदे निर्माण केली जात. जानेवारी २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या नेमणुका रद्द केल्या, कारण घटनेने दारातून बाहेर काढलेले त्या खिडकीतून आत आणत होत्या. तेव्हा सरकार काँग्रेसचे होते. महामंडळाची गाडी आणि कार्यालय घेतलेला आमदार अर्थसंकल्पावर बोलायला उभा राहतो तेव्हा तो आपल्याच पदाच्या खर्चावर कितपत बोलेल, याचा विचार वाचकांनी करावा.

डिचोलीचा_मतदार

धागाकर्त्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही, पण मी पूर्णपणे सहमत नाही.

ज्यांनी १९९० ते २००२ हा काळ पाहिला आहे त्यांना बहुमताची किंमत विचारावी. मंत्रिमंडळे महिन्यांच्या हिशेबाने बदलत होती. १९९९ मध्ये काँग्रेसला ४० पैकी २१ जागांचे स्वच्छ बहुमत मिळाले, जूनमध्ये सरकार आले आणि नोव्हेंबरमध्ये त्याच पक्षातून फुटलेल्यांनी ते पाडले. त्या वर्षांत आमच्या भागातल्या रस्त्याचे काम किती वेळा सुरू झाले आणि थांबले, ते आम्हालाच ठाऊक. खाते बदलले की फाइल पुन्हा खालून वर जायची आणि ती वर पोहोचेपर्यंत मंत्री बदललेला असायचा. लोक स्थिर सरकार मागतात ते यामुळे.

म्हणून माझ्या मते, पूर्ण सत्ता मिळालेल्या पक्षाची पहिली जबाबदारी म्हणजे जाहीरनाम्यात जे लिहिले ते वेळेत करणे. २०१२ मध्ये भाजपला प्रथमच स्वबळावर २१ जागा मिळाल्या आणि मगोच्या ३ धरून २४ झाल्या. सत्तेवर आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर ०.१ टक्क्यावर आणला गेला, गृहआधार आणि लाडली लक्ष्मी या योजना आल्या. सांगितले ते केले, हे लोकांनी पाहिले. दहा पक्षांची मोट बांधलेली असती तर हे झाले असते काय?

विरोधी पक्ष दुबळा झाला याचा दोष सत्ताधाऱ्यांवर टाकणे मला पटत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या क्रुसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात पक्ष न सोडण्याची शपथ काँग्रेसच्याच उमेदवारांनी घेतली होती. ती मोडली त्यांनी. आपले आमदार सांभाळणे ही त्या पक्षाची जबाबदारी होती.

मांडवीतीर

डिचोलीचा_मतदार, १९९० च्या दशकाबद्दल आपण जे लिहिले ते अक्षरशः खरे आहे आणि स्थैर्याची लोकांची ओढ मीही समजतो. शपथ मोडणाऱ्यांचा बचाव मी करणार नाही. परंतु २०१२ चे उदाहरण आपण अर्धे सांगितलेत. त्याच निवडणुकीआधी मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोंविरुद्ध त्या पक्षाने आंदोलन केले होते; सत्ता आल्यावर कॅसिनो नदीतच राहिले आणि परवान्यांचे नूतनीकरण होत गेले. सरकारने भूमिका बदलण्यामागे महसुलाचे, नोकऱ्यांचे कारण असू शकते, आणि ते कारण गैरच आहे असे मी म्हणत नाही. पण ज्यांनी त्या आश्वासनावर मत दिले त्यांच्यासमोर उभे राहून ‘आम्ही हे म्हणालो होतो, आता या कारणासाठी करू शकत नाही’ असे सांगण्याचे धैर्य पक्षाने दाखवायला हवे होते. पूर्ण बहुमत असताना हे सांगायला भीती कोणाची असते?

वेगाविषयी एवढेच म्हणेन, की पेट्रोलचा कर एका आदेशाने कमी होतो. जमिनीचा कायदा तसा बदलता येत नाही. २०१४ मध्ये, पूर्ण बहुमताच्याच काळात, कूळ कायद्यात दुरुस्ती करून कुळांचे दावे मामलेदारांकडून दिवाणी न्यायालयांकडे नेण्यात आले आणि अर्जांना मुदत घालण्यात आली. कुळांकडून तीव्र विरोध झाला आणि पुढे ती दुरुस्ती मागे घ्यावी लागली. वेगापायी वाया गेलेली ती वर्षे कुळांच्याच वाट्याला आली.

निवृत्त_मास्तर

मी आयुष्यभर सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवले. शिक्षणाच्या माध्यमाच्या प्रश्नाचा उल्लेख या धाग्यात कोणी अजून केला नाही, म्हणून लिहितो. कारण पूर्ण सत्ता मिळाल्यावर पक्षाच्या आत काय घडते ते या प्रश्नात सर्वांत स्पष्ट दिसले.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देणाऱ्या शाळांनाच सरकारी अनुदान, हे धोरण १९९० मध्ये शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना आले. २०११ मध्ये दिगंबर कामत यांच्या सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचे ठरवले. भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या झेंड्याखाली मराठीवादी आणि कोकणीवादी, जे १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळी समोरासमोर उभे होते, ते एकत्र आले. पणजीच्या आझाद मैदानावरच्या सभांना आम्ही शिक्षक विद्यार्थ्यांच्या पालकांना घेऊन जात होतो. भाजप या आंदोलनात आमच्या सोबत होता. २०१२ मध्ये त्याला सत्ता मिळाली, त्यात या आंदोलनाचा वाटा होता, आणि सत्ता मिळाल्यावर इंग्रजी शाळांचे अनुदान चालूच राहिले.

सरकारला अल्पसंख्याक समाजालाही सोबत ठेवायचे होते, त्या समाजाचे आमदार पक्षात होते, हे मला समजते. मला खंत आहे ती प्रश्न विचारणाऱ्यांशी झालेल्या वागणुकीची. पक्षाच्या व्यासपीठावर या विषयावर मोकळी चर्चा झाली असती, तर काही मधला मार्ग निघाला असता: मराठी-कोकणी शाळांना जादा शिक्षक, इमारती, पूर्वप्राथमिक वर्ग, असे कितीतरी करता आले असते. त्याऐवजी प्रश्न दाबला गेला. ऑगस्ट २०१६ च्या अखेरीस भाषा सुरक्षा मंचाचे नेते सुभाष वेलिंगकर यांना राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या जबाबदारीतून मुक्त करण्यात आले, गोवा सुरक्षा मंच हा वेगळा पक्ष निघाला. २०१७ मध्ये भाजपच्या जागा २१ वरून १३ वर आल्या. खुद्द मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर मांद्र्यातून हरले. त्याला इतरही कारणे होती, पण हे एक होतेच.

माझ्या वर्गात पहिलीच्या पटावर कधीकाळी तीस मुले बसत. मी निवृत्त झालो त्या वर्षी चार होती, त्यांतली दोन बाहेरच्या राज्यातून कामाला आलेल्या मजुरांची. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात जुने हजेरीपट आहेत; एकेका वर्षाचा पट काढून पाहिला की गावातली मुले कोणत्या वर्षापासून दुसरीकडे जाऊ लागली ते समजते. अनुदानाच्या धोरणावर बोलताना आमच्या पक्षनेत्यांनी, कोणत्याही पक्षाच्या, ते हजेरीपट उघडून पाहिले असते तर बरे झाले असते. सरकार पक्षाचे असते, पण पक्ष हा सरकारचे खाते नसतो. मंत्र्यांना जे ऐकायचे नसते ते ऐकवणे हे पक्षसंघटनेचे काम आहे, आणि पूर्ण सत्ता मिळाली की संघटना हेच काम प्रथम सोडते.

सत्तरीकर

मास्तर, आपला प्रतिसाद मनाला लागला. आमच्या सत्तरीतले एक उदाहरण देतो, ज्यात सत्ताधारी बाजूच्याच माणसाने सरकारला थांबवले.

शेळ-मेळावली येथे आयआयटीसाठी सुमारे दहा लाख चौरस मीटर जमीन ठरवण्यात आली होती. कागदावर ती सरकारी, पण पिढ्यान्‌पिढ्या आमच्या लोकांनी तिथे काजू लावले, शेती केली. सत्तरीत आल्वारा आणि मोकाशांच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या सनदांच्या, जमिनींचा गुंता जुना आहे. कसणाऱ्याचे नाव सातबाराऐवजी आपल्याकडे एक-चौदाच्या उताऱ्यावर यायला हवे, ते अनेकांच्या बाबतीत आलेलेच नाही. जानेवारी २०२१ मध्ये सीमांकनासाठी पोलिसांसह पथक आले आणि ६ तारखेला चकमक झाली. बायका पुढे होत्या. त्यानंतर स्थानिक आमदार आणि त्या वेळचे मंत्री विश्वजित राणे यांनी प्रकल्प रद्द करावा असे जाहीरपणे म्हटले आणि १५ जानेवारीला मुख्यमंत्र्यांनी मेळावलीतून प्रकल्प हलवण्याची घोषणा केली. यात राजकीय हिशेब नव्हता असे मी म्हणणार नाही. तरीही मंत्रिमंडळात बसलेला माणूस आपल्या मतदारांचे गाऱ्हाणे उघडपणे वर नेऊ शकतो आणि सरकार त्यामुळे पडत नाही, एवढे त्यातून सिद्ध झाले. दुःख एवढेच, की हे लाठ्या चालण्याच्या आधी, ग्रामसभेच्या पातळीवर व्हायला हवे होते.

ग्रामसभेचे सांगतो. पंचायत राज कायद्याप्रमाणे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या एखाद्या रविवारी ग्रामसभा भरते. शिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबरला विशेष सभा. माझ्या पंचायतीत सचिव मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून दाखवतात. टेकडी कापण्याविरुद्धचा ठराव, पाण्याच्या टाकीचा ठराव, विहिरीजवळच्या कचऱ्याचा ठराव, सगळे नीट लिहिलेले असते. ‘यावर पुढे काय झाले?’ असे विचारले की उत्तर येते, ‘वर पाठवले आहे.’ कोठे वर, कोणाच्या टेबलावर, कोणत्या तारखेला, हे वहीत नसते. सरपंच सत्ताधारी गटाचा, आमदार सत्ताधारी, मंत्री सत्ताधारी, तरी एका ठरावाचे उत्तर गावात परत येत नाही. पूर्ण सत्ता मिळालेल्या पक्षाला मी एकच काम सुचवीन: आपले राज्य जिथे वरपासून खालपर्यंत आहे, तिथे ग्रामसभेच्या ठरावाला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देण्याची सक्ती करावी. त्याला पैसाही लागत नाही.

सासष्टीतून

सत्तरीकरांच्या सूचनेस पूर्ण अनुमोदन. आमच्याकडे सासष्टीतही ग्रामसभा गाजतात, पण उत्तराची तऱ्हा हीच.

वकिली_पेशा

ग्रामसभेचे उत्तर येत नाही आणि सभागृहात प्रश्न विचारला जात नाही, तेव्हा लोक न्यायालयात जातात, हा पुढचा टप्पा नमूद करणे भाग आहे. नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये कलम १७(२) घालून प्रादेशिक आराखड्यातल्या ‘अनवधानाने झालेल्या चुका’ दुरुस्त करण्याचा अधिकार घेतला गेला आणि त्या नावाखाली भातशेतीच्या, टेकड्यांच्या जमिनींचे क्षेत्र बदलत गेले. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्दबातल ठरवली. विधानसभा आणि उच्च न्यायालय, दोन्ही पर्वरीतच आहेत. एका इमारतीत जी छाननी व्हायला हवी होती ती काही मिनिटांच्या अंतरावरच्या दुसऱ्या इमारतीत, सामान्य नागरिकांनी वकिलांची फी भरून करवून घेतली. ज्यांना ते परवडत नाही त्यांचे काय?

लोकायुक्तांबद्दलही लिहायला हवे. न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा सप्टेंबर २०२० मध्ये निवृत्त होताना, आपल्या अहवालांवर सरकारने कारवाई केली नाही, अशी खंत त्यांनी उघडपणे व्यक्त केली होती. लोकायुक्त कायदा व्हावा ही मागणी सर्व पक्षांनी कधी ना कधी केली आहे. अहवाल स्वीकारायचा की नाही हा सरकारचा अधिकार असेल, पण न स्वीकारण्याची कारणे सभागृहासमोर ठेवणे हे पूर्ण बहुमताच्या सरकारला मुळीच अवघड नाही. मतदानात हरण्याची भीतीच नाही.

डिचोलीचा_मतदार

मांडवीतीर आणि वकिलसाहेबांचे प्रतिसाद वाचले. स्थिर सरकार हवे, या मतावर मी ठाम आहे. आणि एका गोष्टीची नोंद व्हावी: काँग्रेसचे तीनच आमदार उरले असताना युरी आलेमाव यांना विरोधी पक्षनेतेपद देण्यात आले. लोकसभेत एकदशांश संख्येचा दंडक लावून ते पद नाकारले गेल्याचे आपण पाहिले आहे. गोव्यात तसे झाले नाही, याचे श्रेय सत्ताधारी बाजूला द्यायला हवे.

महामंडळांच्या मुद्द्यावर मात्र वकिलसाहेबांशी मी सहमत आहे. माझ्या मतदारसंघातल्या आमदाराने गेल्या अधिवेशनात किती प्रश्न विचारले, हे मला तरी ठाऊक नव्हते. विधानसभेच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरे मिळतात, ती पाहायला हवीत. आमदार सत्ताधारी आहे म्हणून त्याला रस्ता मिळेल, नोकरी मिळेल, असा हिशेब आम्ही मतदारच करतो आणि मग त्याने प्रश्न विचारावेत अशी अपेक्षा ठेवत नाही.

मांडवीतीर

विरोधी पक्षनेतेपदाचा मुद्दा योग्य आहे. त्याबद्दल सरकार पक्षाला श्रेय दिलेच पाहिजे, आणि याच वृत्तीने पुढची पावले टाकता येतील. लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधकांकडे देण्याचा जो संकेत लोकसभेत १९६७ पासून पाळला जातो, तो इथेही काटेकोरपणे पाळावा. विधेयक मांडल्यापासून संमत होईपर्यंत मध्ये किमान काही दिवस जावेत आणि जमीन, घर, पाणी यांसंबंधीचे प्रत्येक विधेयक चिकित्सा समितीकडे जावे. सत्ताधारी आमदाराने शुक्रवारी खासगी ठराव मांडला, तर पक्षाने त्याच्याकडे बंडखोर म्हणून पाहू नये. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, केंद्राची परवानगी लागत नाही, मित्रपक्षाची मनधरणी करावी लागत नाही. ३३ आमदारांच्या सत्ताधारी बाजूने ठरवले तर पुढच्या अधिवेशनापासून हे सुरू होऊ शकते.

सत्तरीकरांनी सुचवलेल्या ग्रामसभेच्या मुद्द्यावर मी एक निवेदन तयार करतो आहे. ठरावाची प्रत कोणत्या खात्याकडे, कोणत्या तारखेला गेली आणि उत्तर आले की नाही, असे तीन रकाने इतिवृत्ताच्या वहीत असावेत, एवढीच त्यातली मागणी आहे. मसुदा याच धाग्यावर देईन. ज्यांच्या पंचायतीत पुढच्या ग्रामसभेत तो ठराव म्हणून मांडता येईल, त्यांनी कळवावे. सत्ताधारी गटाच्या पंचसदस्यानेच तो मांडला तर अधिक चांगले.